साधनात उल्लेख नाही

मुलुंड, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रांजल,

काल तू येऊन गेलीस आणि त्यानंतर घर बराच वेळ बडबडत राहिलं. तुझ्या कॉलेजच्या गंधाली मॅडमनी लेखनिक म्हणून तुझं नाव सुचवलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "मुलीचं अक्षर सुरेख आहे आणि तोंडही भरपूर चालतं." अक्षराचं मला काही सांगता येणार नाही. तोंडाचं पटलं.

फोनवर बोलता येत असताना हे ईमेलचं खूळ कशाला, असं तू मनात म्हणाली असशील. तर ऐक. मे महिन्यात माझा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इतिहासाचा पेपर. तू प्रश्न वाचणार, मी उत्तर सांगणार, तू लिहिणार. त्यात एक प्रश्न साधनांचा असतो. कुठलं तरी जुनं पत्र, हुकूम, एखाद्या प्रवाशाने केलेलं वर्णन, असा उतारा देतात आणि खाली छोटे प्रश्न. उत्तर दोन-तीन ओळींत, आणि उताऱ्यात असेल तेवढंच. तिथे पाठांतराचा काही उपयोग नाही. मी नेमकी तिथेच घसरते. उतारा ऐकला की मला तो दिसायला लागतो, आणि दिसायला लागला की मी त्यात दोन-चार गोष्टी पदरच्या घालते.

म्हणून हा सराव. आपण एकमेकींना पत्रं लिहायची. प्रत्येक पत्रात एक साधन आणि खाली प्रश्न. उत्तर साधनातूनच द्यायचं, त्यात नसेल तर सरळ लिहायचं: साधनात उल्लेख नाही. तुझी पत्रं माझ्या लॅपटॉपमधली बाई मला वाचून दाखवेल. 'आग लागली' आणि 'भेंडी आणली' ती एकाच सुरात म्हणते, तेव्हा भावना वगैरे शब्दांतच घाल.

आणि एक अट. गेल्या वर्षी माझा भाचा ओजस लेखनिक होता. गुणी मुलगा. भरघोस मार्क मिळाले, पेढे वाटले. मग गणपतीत जेवताना हा पठ्ठ्या म्हणतो, "मावशी, तू सांगितलंस, 'लोक वैतागले होते'. मी लिहिलं, 'जनतेत तीव्र असंतोष पसरला'. अगं, गाईड पाठ केलं होतं मी तुझ्यासाठी!" सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर ती मार्कलिस्ट मी पुन्हा हातात घेतली नाही. या वयात मी काही नोकरीसाठी शिकत नाहीये गं. मला एकदा, एकच पेपर माझ्या शब्दांत लिहून बघायचाय. नापास झाले तर झाले. तेव्हा माझं चुकलं तरी तू तेच लिहायचंस. कबूल?

साधन: दुपारी जयंती गॅलरीत बसते. शेजारी तिचा नवरा श्यामकांत मटार सोलतो. जयंतीचे डोळे चाळिशीनंतर हळूहळू गेले. पण स्वप्नात तिला अजून सगळं दिसतं, रंगांसकट. त्यामुळे ती दुपारची झोप सहसा चुकवत नाही.

प्र. १. जयंती दुपारी का झोपते?
प्र. २. श्यामकांत कसे गृहस्थ आहेत?

तुझी
जयंती काकू


भांडुप, १३ फेब्रुवारी २०२५

ती. जयंती काकूंस सा. न. वि. वि.

(आई म्हणाली असंच लिहायचं असतं. मला 'हाय काकू' लिहायचं होतं.)

कबूल. तुम्ही चुकलात तरी मी चूकच लिहीन. नंतर बोलायचं नाही हां.

उ. १. बघायला.
उ. २. साधनात उल्लेख नाही. मटार सोलतात एवढंच आहे. (मला चांगले वाटले. हे साधनाबाहेरचं आहे, मार्क कापा.)

साधन: रविवारी कॉलेजच्या ग्रुपबरोबर खाडीवर गेले. आमच्या भांडुपला पूर्वेकडे पंपिंग स्टेशनच्या पलीकडे मिठागरं लागतात आणि मग खाडी. लांबून चिखलावर कोणीतरी कपडे वाळत घातल्यासारखं वाटलं. जवळ गेलो तर फ्लेमिंगो. हजारो, काकू! मला वाटायचं ते सगळे गुलाबी असतात. तसं काही नाही. काही गुलाबी, काही पांढरट, आणि बरेचसे अर्धे-अर्धे, म्हणजे रंगवता रंगवता कोणीतरी चहाला उठून गेल्यासारखे. पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे खाली मान घालून खात होते. सर म्हणाले, "शांतता राखा," की लगेच सगळ्यांचे मोबाईल बाहेर. ग्रुपचे सगळे फोटो मी काढले.

प्र. १. पक्ष्यांचा रंग कोणता होता?
प्र. २. पक्षी एकमेकांकडे का बघत नव्हते?

प्रांजल


मुलुंड, २० फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रांजल,

उ. १. काही गुलाबी, काही पांढरट, बरेचसे अर्धे-अर्धे.
उ. २. खाण्यात गुंग होते.

बघ, एकही शब्द पदरचा नाही! शाबासकी दे.

आता तू न विचारलेलं तिसरं उत्तर. ग्रुपचे सगळे फोटो तू काढलेस, म्हणजे त्यातल्या एकाही फोटोत तू नाहीस. हे तू लिहिलं नाहीस, पण लिहिलंस त्यातूनच निघतं. याला अनुमान म्हणतात. इतिहासात ते चालतं, फक्त पाय साधनात रोवलेले हवेत.

तुझं पत्र ऐकून दुपारी आडवी झाले आणि तुझी खाडी माझ्याकडे आली. पाणी इतकं उथळ की पाणी दिसतच नव्हतं, नुसतं आभाळ खाली अंथरलेलं. मिठाचे ढीग चमकत होते आणि मधून पक्षी चालले होते, पावलांचा आवाज न करता. तू पुढे होतीस. मी हाक मारली, तू वळलीस, आणि तुला चेहरा होता माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, प्रेमाचा! दोन वेण्या, गालाला खळी. माझं स्वप्नात असंच होतं. डोळे गेल्यानंतर जी माणसं भेटली त्यांचे चेहरे माझ्याकडे नाहीत, मग जुन्यातलेच उसने घेते. आमचा दूधवाला स्वप्नात माझ्या सासऱ्यांचा चेहरा लावून येतो आणि मी घाईघाईने डोक्यावरून पदर घेते.

साधन आज हेच समज.

प्र. १. प्रांजल खरी कशी दिसते?

जयंती काकू


भांडुप, १ मार्च २०२५

काकू,

उ. १. साधनात उल्लेख नाही.

प्रेमाचा चेहरा राहू दे ना. खळी वगैरे झकास आहे. मला चालेल.

साधन: आज सकाळी चुलतबहिणीचं लग्न होतं. निघण्याआधी आईने माझ्यावर इतकी मेहनत घेतली की माझ्या आधी नवरी तयार झाली असेल. हॉलमध्ये फोटोवाला जवळ आला की मी जेवणाच्या रांगेत. तिथून थेट तुमच्याकडे आले, साबणाने तोंड धुतलं आणि तुमच्या गॅलरीत पाय पसरून बसले. काकांनी काही विचारलं नाही, वाटीभर मटार पुढे केले. आपण सराव केला, तुम्ही मध्येच पेंगलात, मी तशीच बसून राहिले. तुमच्याकडे असले की मला एकदाही ओढणी सारखी करावीशी वाटत नाही.

प्र. १. प्रांजलला जयंती काकूंकडे यायला का आवडतं?

प्रांजल


मुलुंड, ४ मार्च २०२५

प्रिय प्रांजल,

उ. १. उकाड्यामुळे. आमच्या गॅलरीला डोंगराकडचा वारा आहे, तिथे ओढणी लागत नाही.

बरोबर ना? इतकं सोपं विचारू नकोस गं.

लेखनिकाच्या परवानगीच्या अर्जावर तुझा नवा फोटो लावायचाय, तेवढा काढून काकांकडे दे. आणि अट विसरू नकोस.

जयंती काकू


मुलुंड, १८ मे २०२५

प्रिय प्रांजल,

पेपर होऊन इतके दिवस झाले, तुझा ना फोन ना पत्र. गेटपाशी "येते काकू" म्हणालीस आणि निघालीसच. मी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "दमली असेल पोर."

दोन गोष्टी डोक्यात फिरताहेत. पहिली त्या पर्यवेक्षक बाईंची. तुझ्या फोटोचं परवानगीपत्र हातात घेऊन किती वेळ थांबल्या! वर म्हणतात, "ही तूच आहेस का? फोटोशी जुळत नाही." मला असा राग आला. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "अहो, मला दिसत नाही, तुम्हाला दिसतंय ना? मग नीट बघा की तिच्याकडे!" तेव्हा कुठे त्यांनी सोडलं. जिंकलो की नाही आपण?

दुसरी गोष्ट आज आंघोळ करताना लख्ख आठवली आणि तांब्या हातातच राहिला. तो बंदरातल्या बाजाराचा उतारा. तू वाचलं होतंस, 'भरतीच्या वेळी होड्या आत येतात आणि बाजार भरतो.' खाली प्रश्न होता, बाजार केव्हा भरत असे? आणि मी सांगितलं, 'संध्याकाळी, दिवे लागताना.' अगं, उताऱ्यात संध्याकाळ नव्हतीच! दिवेही नव्हते. मला मात्र ते स्पष्ट दिसत होते, ओल्या वाळूवर एकेक लागत जाणारे. असं का झालं सांगू? तो उतारा वाचताना तुझा आवाज संध्याकाळचा होता. मी शब्द ऐकलेच नाहीत, नुसता आवाज ऐकला.

प्र. १. तू काय लिहिलंस?

जयंती काकू


मुलुंड, ८ जून २०२५

प्रिय प्रांजल,

उत्तर नाही तुझं. मग मीच बोलते.

'नापास झाले तर झाले' हे फेब्रुवारीत म्हणायला सोपं होतं. आता लिफ्टमध्ये कोणी "काकू, निकाल कधी?" विचारलं की मी मजल्याचं बटण चाचपायला लागते. सांगायला लाज वाटते, पण मला आतून वाटतंय की तू 'भरतीच्या वेळी' लिहिलं असशील. उतारा तुझ्या समोर होता. लिहिलं असशील तर मी रागावणार नाही. उलट बरंच वाटेल.

एवढं कळव.

जयंती काकू


भांडुप, १० जून २०२५

काकू,

उ. १. 'संध्याकाळी, दिवे लागताना.' असंच लिहिलं. स्वल्पविरामासकट.

मला तेव्हाच माहीत होतं चुकलंय. भरती माझ्या नाकासमोर छापलेली होती. मी विचारलं पण होतं, "काकू, परत वाचू का?" तुम्ही म्हणालात, "नको, मला दिसतंय." मग मी काय करणार? लिहिलं तसंच. अट कोणाची होती? आणि आता म्हणताय बदललं असतं तर बरं. मग ओजसदादा काय वाईट होता यार? त्यालाच घ्यायचं होतं.

तुम्ही नापास झालात तर ते माझ्या हाताने झालेलं असणार, म्हणून फोन करायची हिंमत होत नव्हती. हे एक कारण. दुसऱ्याचा साधनात उल्लेख नाही.

आणि त्या बाईंना तुम्ही गप्प केलंत, त्यात आपण जिंकलो असं मला वाटलं नाही.

प्रांजल


मुलुंड, १० ऑगस्ट २०२५

प्रिय प्रांजल,

पास झाले हे तुला फोनवर सांगितलंच. "बरं झालं काकू" म्हणून तू लगेच ठेवून दिलास. पण काल उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आली. मी मुद्दाम मागवली होती. ह्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी गॅलरीत खुर्ची ओढून बसले. वारा होता, समोरच्या डोंगरावरून ढग उतरत असल्याचं हे मध्येच सांगत होते, आणि मी माझाच पेपर ऐकत होते.

प्रांजल, सगळी मीच होते गं त्यात! माझी अडखळणारी वाक्यं, माझे 'म्हणजे असं की'. एका ठिकाणी लोक वैतागलेही होते, आणि तू त्यांना वैतागू दिलंस. मग आला बाजार. 'संध्याकाळी, दिवे लागताना.' ह्यांच्या हातातला कागद सळसळला. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "लाल गोल आहे. त्यात शून्य. बाजूला लिहिलंय, साधनात उल्लेख नाही." मी म्हटलं, "परत वाचा." पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, "अगं, शून्य आहे ते, बक्षीस नव्हे!" मार्क ओजसच्या वर्षापेक्षा कितीतरी कमी आहेत. पण ह्यांना खाली पाठवून पेढे आणवले आणि पहिला मी खाल्ला.

जूनमध्ये तुला लिहिलं ते माझं चुकलं. ठाम राहायची वेळ आली तेव्हा मी डगमगले आणि तू नाही डगमगलीस. माफ कर मला.

आता तुझं दुसरं कारण. मी ह्यांना विचारलं, "त्या बाई इतकं काय बघत होत्या? फोटोत आणि पोरीत फरक काय?" तर म्हणाले, "मी तुझा लेखनिक नाही. सांगायचं असेल तर ती तिच्या शब्दांत सांगेल." म्हणजे काहीतरी आहे, ते मी सोडून सगळ्यांना दिसतं, आणि 'नीट बघा' असं मी भर वर्गात ओरडले. तुला ते किती लागलं असेल या विचाराने मला सकाळपासून काही सुचत नाहीये. अनुमान काढता येईल, पण काढणार नाही. माझी पदरचं घालायची खोड तुला माहीत आहे.

या वेळी प्रश्न नाही.

तुझी
जयंती काकू


भांडुप, १७ ऑगस्ट २०२५

काकू,

हे पत्र कितीदा लिहून खोडलं. तुमच्या लॅपटॉपमधली बाई हे भेंडीच्या सुरात वाचेल, ते बरंच आहे.

साधन: प्रांजल राजेश गावडे, बारावी कॉमर्स. रंग सावळा, केस कुरळे, नाक बाबांचं. खळी नाही. सातवीत असताना तिच्या उजव्या डोळ्याजवळ एक पांढरा डाग आला. कोड. मग हनुवटीवर, मग मानेवर. आता उजवा डोळा सगळा पांढऱ्यात आहे, पापणीचे केससुद्धा पांढरे. ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक पट्टा आहे, खाली मानेपर्यंत तुटक तुटक. दुखत नाही, खाजत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. हाताला तर कळतही नाही. तुम्ही गालावरून हात फिरवला असतात तरी तुम्हाला समजलं नसतं. म्हणून तुमचं घर मला आवडायचं. उकाड्यामुळे नाही.

तुमच्या अर्जासाठी फोटो काढायला आई आणि मी स्टुडिओत गेलो होतो. फोटोवाल्याने न विचारता कॉम्प्युटरवर सगळा चेहरा एकसारखा करून टाकला. म्हणाला, "बघ, कसली भारी दिसतेस!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा ओजसदादाचा 'तीव्र असंतोष' आठवला होता, तरी मी तोच फोटो दिला. मग त्या बाई एकदा फोटोकडे बघणार आणि एकदा माझ्याकडे. तुम्ही म्हणालात नीट बघा, आणि अख्ख्या वर्गाने बघितलं. त्यानंतर थोड्याच वेळात तो बाजाराचा उतारा आला. आवाज संध्याकाळचा झाला असेल तर त्यामुळे झाला असेल.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. होते, आता नाही. तुमच्या चुकलेल्या उत्तराला शून्य मिळालं आणि तुम्ही पेढा खाल्लात, ते वाचून मी वर गच्चीवर जाऊन रडले. मग कॉलेजच्या नव्या ओळखपत्रासाठी दुसऱ्या स्टुडिओत गेले आणि फोटोवाल्याला आधीच सांगितलं, "काही दुरुस्त करायचं नाही, जसं आहे तसं." आई दोन दिवस बोलली नाही. काल बोलली.

प्र. १. प्रांजल कशी दिसते?
प्र. २. आता प्रेमाच्या चेहऱ्याचं काय करणार?

प्रांजल


मुलुंड, १९ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रांजल,

बाईने भेंडीच्या सुरातच वाचलं. रडायचं काम मला करावं लागलं. वर्गात ओरडले त्याबद्दल माफी मागते. पुन्हा तुझ्याकडे बघा म्हणून कोणाला सांगणार नाही.

उ. १. सावळी, कुरळ्या केसांची. नाक बाबांचं. उजवा डोळा पांढऱ्यात, पापणीसकट. ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा पट्टा, पुढे मानेपर्यंत तुटक. खळी नाही.

उ. २. प्रेमाचा चेहरा प्रेमाला परत केला.

काल दुपारी मी पुन्हा तुझ्या खाडीवर गेले होते. या वेळी तिथे बाजार भरला होता. भरती आली होती, होड्या आत येत होत्या आणि त्यांच्यामधून ते अर्धे-अर्धे रंगवलेले पक्षी निवांत चालले होते. तू पुढे होतीस, ओढणी खांद्यावर. मी हाक मारली आणि तू वळलीस. वर लिहिलंय तशीच होतीस, एक रेघ कमी नाही की जास्त नाही. माझे डोळे गेल्यापासून इतकी माणसं भेटली, पण स्वप्नात स्वतःचा चेहरा घेऊन आलेली तू पहिली. मी किती वेळ बघत राहिले, आणि तू मला बघू दिलंस.

फक्त तिथे संध्याकाळ होती आणि दिवे लागत होते. त्याचा साधनात उल्लेख नाही. तेवढे मार्क काप, आणि गणपतीला गावी जाण्याआधी शनिवारी ये.

तुझी
जयंती काकू